ट्रॉलीच्या वाटेवरचा कोबा पुन्हा पुन्हा उखडतोय? गवंडी बोलावण्याआधी हे तपासा

दिवाळीच्या सुट्टीत गवंडी लावून बुजवलेला खड्डा शिमग्याच्या आत पुन्हा तोंड वर काढतो. कुपवाड, मिरज, पलूस, कुठल्याही एमआयडीसीत गेलात तरी ही तक्रार ऐकायला मिळेल. शॉपमधला बाकी कोबा ठणठणीत असतो, ट्रॉली जाते-येते तेवढाच पट्टा उखडलेला. मग पुढच्या वेळी 'माल जरा चढा घाल' म्हणून सिमेंट वाढवतात, कोणी वरून एपॉक्सीचा (दोन घटक कालवले की कडक होणाऱ्या राळेचा) हात मारून घेतो, आणि तोही सोलून निघाला की मूळच्या ठेकेदाराला शिव्या घालून मोकळे होतात. ठेकेदार धुतल्या तांदळासारखे असतात असं माझं म्हणणं नाही. पण खड्डा ज्यानं पाडला तो रोज सकाळी चार चाकांवर बसून त्याच वाटेनं परत येतो. त्याचा बंदोबस्त होत नाही तोवर वरून काहीही थापा, जायचंच.

खाली लिहिलंय ते मशीनशॉपच्या मेंटेनन्सचं आहे. फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, टर्निंग-मिलिंग (मशीनवर कातणं-तासणं) होऊन जातं, आणि हे सगळं हाताने ढकलायच्या ट्रॉलीवर. फ्लोअर ट्रीमिक्सचा, म्हणजे ओल्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी व्हॅक्यूमनं ओढून मशीननं घोटलेला; जाडी साधारण १५० मिमी.

खड्डा कुठे पडलाय ते आधी बघा

पाळी सुटल्यावर वाट झाडून, पुसून घ्या आणि हातात खडू घेऊन खाली बसून बघा. उभ्यानं बघून काही कळत नाही. झीज सगळीकडे सारखी नसते, आणि ती कुठे आहे त्यावरून निम्मं निदान होतं.

सगळ्यात जास्त नुकसान जॉइंटवर सापडेल. ट्रीमिक्समध्ये कटरनं मारलेले जे ग्रूव्ह असतात, त्यांच्या कडा तुटलेल्या दिसतात. नीट बघा, दोन्ही कडा सारख्या तुटलेल्या नसतात. भरलेली ट्रॉली ज्या दिशेनं जाते त्या दिशेची, म्हणजे पलीकडची कड जास्त गेलेली असते. चाक फटीत किंचित उतरतं आणि समोरच्या कडेवर आदळतं. परत येताना ट्रॉली रिकामी असते, म्हणून अलीकडची कड बरीच शाबूत राहते. ही खूण दिसली तर काँक्रीटच्या ग्रेडवर वाद घालू नका; जॉइंट मोकळा आहे आणि चाक कडक आहे, एवढंच ते सांगतंय.

दुसरी जागा मशीनच्या पुढ्यात, जिथं ट्रॉली जागच्या जागी फिरवली जाते. तिथं अर्धगोल ओरखडे आणि खरबरीत वाडग्यासारखा खळगा दिसतो. तिथं चाक फिरत नाही, घासतं.

तिसरी म्हणजे सरळ वाटेवर पडलेली चाकोरी. हात फिरवला की पांढरी पूड लागते. इथं वरचा थर मऊ आहे. खिळ्यानं जोर देऊन ओरखडा; चांगल्या कोब्यावर बारीक रेघ उमटते, मऊ कोब्यातून भुकटी निघते. पाण्याचा थेंब टाकला आणि लगेच शोषला गेला, तरी तेच समजायचं.

चौथी, पापुद्रा निघाल्यासारखी ढलपी. हातोडीनं ठोकत गेलं की आजूबाजूला खणखणीत आणि मध्येच पोकळ आवाज येतो. काम चालू असताना वर पाणी आलेलं असताना मशीन फिरवलं, किंवा कोरडं सिमेंट शिंपडून घोटून गुळगुळीत केलं की असा पापुद्रा धरतो. वरून आरशासारखा दिसतो, खाली त्याला कोणी धरलेलं नसतं.

आणि पाचवी, जी आपल्याकडे कमी लेखली जाते: पॅनलच (दोन जॉइंटमधला कोब्याचा तुकडा) हलतं. भरलेली ट्रॉली जॉइंटवरून जाताना जॉइंटच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवून बघा. एक बाजू खाली बसून वर येताना जाणवली तर खालचा भराव गेलाय. कृष्णाकाठच्या काळ्या मातीवर पुरेसा मुरूम न घालता, नीट दाबून न घेता शेड उभी राहिली असेल तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पॅनलच्या कडेखाली पोकळी होते. अशा ठिकाणी वरून कितीही भारी मटेरिअल भरलं तरी जॉइंट पुन्हा फुटणार. आधी भोकं पाडून खाली ग्राउट (पोकळीत ओतायचा पातळ माल) भरून घ्यावं लागतं, मग वरचं काम.

चाकाखालचा दाब

हा हिशोब एकदा स्वतः केला की पर्चेसवाल्यांशी बोलणं सोपं जातं.

समजा ट्रॉलीवर १२०० किलो माल आणि ट्रॉली स्वतः १५० किलो. एकूण १३५०. चार चाकं आहेत म्हणून चारनं भागू नका, तीननं भागा. फ्लोअर कधीच इतका सपाट नसतो की चारही चाकं सारखी टेकतील; एक चाक नेहमी अधांतरी. म्हणजे एका चाकावर ४५० किलो, जवळजवळ ४४०० न्यूटन.

आता हे वजन किती जागेवर पडतं? २०० मिमी व्यासाचं, ५० मिमी रुंद बिडाचं चाक काँक्रीटवर जेमतेम दीड मिमीच्या पट्टीवर टेकतं. दीड गुणिले पन्नास, ७५ चौरस मिमी. दाब झाला ५९ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास. एम-२५ ग्रेडच्या काँक्रीटचा ठोकळा २८ दिवसांनी ज्या दाबाला तपासतात तो २५. नायलॉनचं चाक साधारण ४ मिमीच्या पट्टीवर टेकतं, तिथं दाब २२ च्या घरात येतो. बिडावर पॉलियुरेथेन चढवलेलं, म्हणजे आपण पीयू म्हणतो ते चाक, दबून २० मिमीच्या आसपास पसरतं. दाब ४.४ च्या आसपास उतरतो.

मग बिडाच्या चाकाखाली कोबा पहिल्याच दिवशी भुगा का होत नाही? कारण पॅनलच्या मध्यभागी त्या चिंचोळ्या पट्टीला चारी बाजूंनी काँक्रीटचाच आधार असतो, ते बाजूला सरकू शकत नाही. जॉइंटच्या कडेला एक बाजू उघडी असते. तिथं आधार संपला, कड उडाली. सगळी रडकथा जॉइंटवरच का, त्याचं उत्तर हे.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर भरलेली ट्रॉली जॅकनं उचला, चाकाखाली पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवा, हळूच खाली सोडा, परत उचला. छाप कागदाच्या जाडीमुळं थोडा फुगीर येतो, पण बिडाच्या चाकाची पेन्सिलच्या रेघेसारखी पट्टी आणि पीयूचा बोटभर रुंद ठसा शेजारी शेजारी ठेवले की साहेबांना वेगळं काही सांगावं लागत नाही. कधी कधी बिडाच्या चाकाचा छाप पूर्ण रुंदीचा येतच नाही, एकाच कडेवर येतो. म्हणजे ब्रॅकेट वाकलंय आणि चाक कडेवर चालतंय, खरा दाब आणखीच जास्त.

मग कोणतं चाक?

स्टोअरचं ठरलेलं उत्तर: 'नायलॉन घ्या, स्वस्त पडतं, ढकलायलाही हलकं जातं.' दोन्ही खरं. कडक चाक कमी जोरात लोळतं. पण त्याचा आवाज ऐका, प्रत्येक जॉइंटवर खाड् खाड् होतं, आणि तो आवाज म्हणजे कडेवर पडणारा घाव.

रोजच्या मशीनशॉपला माझं मत पीयू आणि मोठा व्यास. १५० मिमीऐवजी २०० मिमी घेतलं तर चाक फटीत कमी उतरतं, आदळणं कमी होतं, आणि पीयूमुळं ढकलायला जो जोर जास्त लागतो तोही बराचसा भरून निघतो. रबरी चाक फ्लोअरला सगळ्यात सौम्य, पण कूलंट (मशीनवर हत्यार गार ठेवायला सोडतात ते द्रव) आणि तेलात फुगतं, काळे डाग पाडतं आणि जड वजनाखाली ढकलताना पोरांचा जीव काढतं. पीयूचेही नखरे आहेत. भरलेली ट्रॉली शनिवारी संध्याकाळी उभी केली की सोमवारी चाक एका बाजूला चपटं बसलेलं असतं. थोडं चाललं की सहसा ठीक होतं, पण महिनोन्‌महिने माल लादून ठेवायच्या ट्रॉलीला ते नकोच. आणि गरम कास्टिंगला पीयू चालत नाही.

चाकाची क्षमता बघताना पुन्हा तीनचाच भागाकार. कॅटलॉगमधली क्षमता सपाट फरशीवर, माणसाच्या चालीनं ढकलण्यासाठी असते. टो ट्रकला (ट्रॉल्या ओढायच्या छोट्या गाडीला) जोडून ओढणार असाल तर त्याहून बरीच चढी घ्या.

वळणावरच्या खळग्यांचं कारण बहुतेक वेळा फिरत्या कॅस्टरच्या (ब्रॅकेटसकट वळणाऱ्या चाकाच्या) मुंडीत सापडतं. चिप्स (कातताना निघणारा धातूचा कीस) आणि कूलंटचा चिकटा जाऊन मुंडीचे छर्रे जाम होतात. ट्रॉलीवाल्या पोराला विचारलं तर तो सरळ सांगेल, 'साहेब, वळतच न्हाई, मग पहारीनं ढोसतो.' त्या ढोसण्यात चाक आडवं घासतं. चाकं वर करून हातानं फिरवून बघा: मुंडी एका बोटानं वळली पाहिजे, चाक टिचकीसरशी दोन-चार फेरे फिरलं पाहिजे. ग्रीस निपल असलेलेच कॅस्टर घ्या, आणि ग्रीस मारायचं काम तोंडी न ठेवता मशीनच्या मेंटेनन्स शीटमध्ये ट्रॉलीचीही ओळ घाला. आपल्याकडे पाच लाखांच्या कॉम्प्रेसरला शीट असते आणि ट्रॉलीला कोणी वाली नसतो.

आणखी एक. दोन चाकं फिरती, दोन पक्की अशी जोडी असेल तर ट्रॉली पक्क्या चाकांच्या भोवती वळते, घासणं कमी. चारही फिरती असली की अडचणीच्या जागेत सोपं जातं, पण लांब वाटेवर ट्रॉली खेकड्यासारखी तिरकी पळते.

चिप्स आणि वाळू

चाक बदललं तरी वाट घाण असेल तर उपयोग शून्य. कास्टिंगला चिकटून आलेली फौंड्रीची वाळू क्वार्ट्झची असते, सिमेंटच्या थरापेक्षा पुष्कळ कडक. कडक चाकाखाली ती भरडली जाते आणि कोबा खरवडते. मऊ चाकात ती रुतून बसते, त्यात टर्निंगच्या चिप्स रुततात, आणि मग ते पीयूचं चाकच पॉलिश पेपरचं काम करतं. पंधरवड्यातून एकदा चाकांवर हात फिरवा, रुतलेल्या चिप्स पकडीनं उपसून काढा. वाट दर पाळीला झाडायची, आणि लोखंडी चिप्ससाठी चुंबक लावलेली पट्टी ढकलणं झाडूपेक्षा बरं; वाळूला मात्र झाडूच. मशीनच्या चिप ट्रेमधून वाटेवर सांडणारा माल थांबवणं हे त्याच्याही आधीचं काम.

आता दुरुस्ती, जॉइंटपासून

ग्रूव्हमध्ये बहुतेक ठिकाणी डांबर किंवा सिलिकॉनसारखं मऊ सीलंट भरलेलं असतं. ते धूळ-पाणी अडवतं, कडेला आधार देत नाही. ट्रॉलीच्या वाटेवरच्या जॉइंटला हवा अर्धकडक एपॉक्सी किंवा पॉलियुरिया फिलर, शोर-ए (रबरासारख्या मालाचा कडकपणा मोजायचं माप) ८० किंवा त्याहून कडक. डेटाशीटमध्ये हा आकडा असतो; विक्रेत्याकडे डेटाशीट नसेल तर दुसरा विक्रेता बघा. ग्रूव्हच्या पूर्ण खोलीइतका भरायचा. खाली फोमची दोरी घालून वरचं बोटभरच भरलं तर वजनाखाली तो आत बसतो आणि कड पुन्हा उघडी पडते. थोडा वर फुगवून भरा आणि घट्ट झाल्यावर फ्लोअरच्या पातळीला तासून घ्या.

नवीन फ्लोअर असेल तर फिलरची घाई करू नका. काँक्रीट काही महिने आकसत राहतं, जॉइंट रुंदावत जातो. शक्य तितकं थांबून भरलेलं बरं. आणि खांबाभोवतीचा, भिंतीलगतचा, एक्स्पान्शनचा जॉइंट मात्र कडक फिलरनं कधीच भरायचा नाही. त्याला हलायला जागा हवी असते.

कड आधीच फुटली असेल आणि तूट बारीक, पाच-सहा मिमीची असेल तर साफ करून फिलरच भरून तासला तरी चालतं. त्याहून मोठी असेल तर जॉइंटच्या दोन्ही बाजूंना तुटीच्या पलीकडे, चांगल्या काँक्रीटमध्ये, कटरनं सरळ रेघ मारा, २०-२५ मिमी खोल. मधलं छिन्नीनं काढा. कडा उभ्या राहिल्या पाहिजेत. उतरत्या, शून्याला जाणाऱ्या कडेवर लावलेला कोणताही माल पहिल्या आठवड्यात उडतो. धूळ व्हॅक्यूमनं काढा, एअरगननं उडवलेली धूळ परत त्यातच बसते. तेल मुरलेलं असेल तर तो थर संपेपर्यंत खणा. मग प्राइमर, क्वार्ट्झ वाळू घातलेला एपॉक्सी मॉर्टर, आणि तो घट्ट झाल्यावर त्याच रेघेवर पुन्हा ग्रूव्ह कापून फिलर. हे शेवटचं कापणं गवंडी हटकून गाळतात, 'एकसंध चांगलं दिसतंय की' म्हणतात. जॉइंट खाली जिवंत आहे. तुम्ही कापला नाही तर तो स्वतः वाकडातिकडा कापून घेतो. एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी लवकर आणि थोडा थोडा माल कालवून करा, दुपारच्या उन्हात बादलीतच एपॉक्सी धरतो.

मोकळ्या जागेतल्या खड्ड्याला सिमेंटचा माल चालतो, पण वेळ द्यायची तयारी असेल तरच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी (पोर्टलँड) सिमेंटला किमान ७ दिवस, आणि पीपीसीसारख्या (राख मिसळलेल्या पोर्टलँड) मिश्र सिमेंटला १० दिवस ओलं ठेवायचं; हवा कोरडी-गरम असेल तर १० आणि १४. बाजारात आज हाताशी येणारी गोणी बहुधा पीपीसीचीच. दिवाळीची सुट्टी चार-पाच दिवसांची. म्हणजे वसुबारसेला भरलेल्या खड्ड्यावर भाऊबीज झाली की लगेच ४५० किलोचं चाक. त्यात गोणपाट अंथरून पाणी मारायला सुट्टीत कोण थांबतं? शिमग्यापर्यंत तरी टिकला याचंच नवल. सुट्टीतच उरकायचं असेल तर लवकर ताकद धरणारा तयार रिपेअर मॉर्टर आणा; महाग आहे, पण खड्डे काही ट्रकभर नसतात.

पूड निघणाऱ्या चाकोरीला सिलिकेटचं डेन्सिफायर मारता येतं. सोडियम किंवा लिथियम सिलिकेट काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावतं आणि वरचा थर घट्ट होतो. धूळ नक्की कमी होते. पण सोललेला पापुद्रा चिकटत नाही, फुटलेली कड भरत नाही आणि तेल प्यायलेल्या कोब्यात ते शिरतच नाही. पापुद्र्याची जागा ग्राइंडरनं चांगलं काँक्रीट लागेपर्यंत तासून काढायलाच हवी.

एपॉक्सी रंगाबद्दल थोडक्यात: अर्ध्या मिमीचा कोट दिसायला झकास, जड ट्रॉलीखाली फुकट. ४-६ मिमीचा एपॉक्सी स्क्रीड (वाळू घातलेला जाड थर) टिकतो, अट एवढीच की खालचा फ्लोअर ग्राइंडिंग किंवा शॉट ब्लास्टिंग (पोलादी छर्र्यांचा मारा) करून घेतलेला असावा, ॲसिडनं धुतलेला नव्हे, आणि जमिनीतून ओल येत नसावी. सांगली शहराकडच्या सखल भागातल्या शेडमध्ये हे आधी तपासा: मीटरभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवून निदान १६ तास ठेवा, नंतर खाली दव साचलेलं दिसलं तर एपॉक्सीचा विचार सोडा.

तासगाव भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. थंडीत काँक्रीट आकसून जॉइंट जास्त उघडतो, म्हणून फिलर खोली थंड चालू असताना, त्या तापमानाला चालणारा घेऊन भरा. बाहेरच्या उन्हाळ्यात भरून मग कूलिंग सुरू केलं तर फिलर एका कडेपासून सुटतो.

राहिला प्रश्न गरम कास्टिंगचा, जिथं बिडाच्या चाकाला पर्याय नाही. तिथं फ्लोअर वाचवायच्या फंदात न पडता वाटच लोखंडाची करा. १० मिमीची साधी प्लेट घ्या; चेकर्ड (उठावाची नक्षी असलेल्या) प्लेटवर चाक नाचतं आणि आवाजानं डोकं उठतं. प्लेट वरून नुसती ठेवून बोल्ट मारले तर वर्षभरात कोपरे उचकटतात आणि त्यात चाक अडकतं, पायही अडकतो. कोब्यात तेवढी खोली कापून, खाली नॉन-श्रिंक (न आकसणारा) ग्राउट भरून, प्लेटला आधीच वेल्ड केलेले पाय त्यात बसवा, आणि हवा निघायला प्लेटला थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडून ठेवा. ग्राउट त्या भोकांतून वर येताना दिसला की खाली पोकळी राहिली नाही असं समजायचं. नंतर हातोडीनं ठोकून बघा. जिथं पोकळ वाजेल तिथं नवीन भोक पाडून पुन्हा भरा, ट्रॉली सोडण्याच्या आधी.